डाव्या गाठीचं पेटवण

ता. वाई, जि. सातारा
२ ऑगस्ट १९६६

प्रिय दादा,

तुझं कार्ड शुक्रवारी मिळालं. सहा ओळी आहेत. पाच वर्षांत तुझं अक्षर बदललेलं नाही, 'ळ' अजून तसाच झोपलेला काढतोस. तू लिहिलंस, आबांची तार मिळाली. घराला कुलूप लाव. माळ्यावरची पोती जाळून टाक. सांगलीला ये, आमच्या वखारीत बायकांना हळद निवडायचं काम असतं. मढ्याचं पेटवण विकून पोट भरणं आता पुरे. आबा कसे गेले ते तू विचारलं नाहीस. ते मी न विचारताच सांगणार आहे. पण कार्डाचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे तुला वाट बघत वाचायला नको. मी घराला कुलूप लावणार नाही. पोती जाळली, पण तू म्हणतोस तशी नाही. आणि सांगलीला मी येणार नाही.

आबा चौदा जुलैला, गुरुवारी सकाळी गेले. आठ दिवस खोकला होता, पण हात थांबले नव्हते. चुलीजवळ पोतं अंथरून बसले होते, मांडीवर मक्याची कणसं, दाणे काढलेली. मी राळ आणि मेण वितळायला ठेवलं होतं. ते म्हणाले, "हरणे, राळ उतरव. लय झाली." मी भांडं उतरवलं, हात पुसून मागं वळले, तर मान खाली गेलेली. मला वाटलं गाठ बघत असतील. गाठ बांधून झालेली होती. एवढंच. औषध आणायला, वाईला न्यायला, काही सांगायला वेळ मिळाला नाही. माझा शेवटचा शब्द त्यांच्याशी "व्हय" असा होता.

तीन दिवस झड लागलेली होती. वस्तीतली माणसं जमली. जोतिबाकाका म्हणाले, "आकाराम येऊ दे. एकुलता ल्योक हाय." शेजारच्या जयरामने वाईला जाऊन तार केली आणि आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबलो. सांगलीकडून येणाऱ्या दोन गाड्या मी रस्त्यावर जाऊन बघितल्या. दुसऱ्या गाडीतून वांग्याची पाटी घेऊन एक बाई उतरली आणि गाडी पुढं गेली. मग मी घरी येऊन सांगितलं की आता थांबायचं नाही.

लाकूड ओलं होतं. आंब्याचं होतं, तेही नुकतं तोडलेलं. कुणीतरी रॉकेलच्या दोन बाटल्या आणल्या. तुला आठवत असेल, रॉकेलबद्दल आबा काय म्हणायचे. ते लाकडाला पेटवत नाही, आपणच पेटतं आणि निघून जातं. मी शिडी लावून माळ्यावरची पेटवणाची दोन्ही पोती खाली काढली. पाचगणीच्या शाळेच्या बंबासाठी बांधून ठेवलेली होती, सोमवारी घाट चढायची होती. जोतिबाकाका म्हणाले, "पोरी, तू हितंच थांब. बाईमानसाचं काम न्हवं. आमी बघतो." मी म्हटलं, "काका, तुमाला जमणार असतं तर बाटल्या आणल्या नसत्या." मी एक पोतं डोक्यावर घेतलं, दुसरं जयरामनं घेतलं आणि मी सगळ्यांच्या पुढं चालले. मागं कुणी काही बोललं असेल. पाऊस होता, ऐकू आलं नाही.

नदीकाठी त्यांनी सरण रचलं होतं, ते मी अर्धं उतरवायला लावलं. खालचे दोन थर तसेच ठेवले. तिसऱ्या थरात वाऱ्याच्या उलट्या बाजूने पेटवणं लावली, दोन लाकडांच्या फटीत एक याप्रमाणे, टोकं आतल्या अंगाला. वरून पुन्हा लाकूड. नंतर त्रिशरण, पंचशील झालं. मी एकच काडी ओढली. फुंकर मारली नाही, पदराने वारा घातला. पहिल्यांदा धूर आला, मग आत तांबडं दिसायला लागलं आणि मग त्या पावसात सरण खालून वर पेटत गेलं. रॉकेलच्या बाटल्या तशाच राहिल्या. जोतिबाकाका माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "ह्ये सरणाचं तुला कुणी शिकवलं गं? तुझ्या बापानं, धोंडिरामनं?" मी उत्तर दिलं नाही. ते उत्तर तुला आधी द्यायचं होतं.

त्या वेळी मला आपली आजी आठवली. आबांनी निम्मं आयुष्य गावाच्या सरणांना लाकूड वाहिलं, पण स्वतःच्या आईला माती दिली. तेव्हा आपल्यात मातीच देत, आणि सरणाएवढं लाकूड आपल्याला कोण देणार होतं? आता त्यांना सरण मिळालं आणि ते त्यांच्याच हातच्या पेटवणाने पेटलं. मला रडू आलं नाही, दादा. मला ताठ उभं राहावंसं वाटलं.

तू त्याला मढ्याचं पेटवण म्हणतोस. ते काय असतं ते तू विसरलास असं वाटतं, म्हणून लिहिते. तू सांगलीला नोकरीला लागलास त्याच वर्षी आबांनी ते सुरू केलं, त्यामुळे तू फक्त सुट्टीत आलास की बघितलंस. दाणे काढलेलं मक्याचं कणीस घ्यायचं, पण कुठलंही नाही. चांदण्यात उघड्यावर राहिलेलं दव पितं, ते चालत नाही. छपराखाली टांगून वाळलेलं हवं, बोटाने वाजवलं की टणक आवाज आला पाहिजे. मधला गाभा तापल्या तारेने कोरायचा आणि त्यात नारळाच्या शेंडीचा काथ्या भरायचा. शेंड्या आबा वाईच्या घाटावरून आणत. देवळाच्या आत नारळ फुटायचे, शेंड्या बाहेर पडायच्या. "आत कुणाला घ्येतात त्ये त्यांचं त्यास्नी ठावं, शेंड्या तर बाहेर येतात," असं म्हणून ते हसायचे. मग राळ आणि मेण. राळ वाण्याकडची, मेण महाबळेश्वरच्या मधवाल्यांकडचं. एकटी राळ फडफडून जळते, एकटं मेण नुसतं वितळतं. दोन्ही मिळून धीराने जळतं. वाळूच्या घमेल्यात भांडं ठेवून वितळायचं, सरळ जाळावर नाही. शेवटी घायपाताच्या वाकाची, त्याच्या पानातून काढलेल्या धाग्याची, गाठ. आबा डावखुरे, त्यांची गाठ उलटी बसायची. माझी सुलटी बसते. गिऱ्हाईकाला कळत नाही, पण मला अंधारातसुद्धा हात लावून सांगता येतं कुठलं कुणाचं.

बंबाला मक्याचं, बंगल्यातल्या शेकोटीला सुरूची बोंडं, कारण त्यांना वास बरा असतो. आणि उन्हाळ्यात पाचगणीला येणारे लोक अंगणात लोखंडी जाळीवर कोंबडी भाजतात, त्यांच्यासाठी राळ अजिबात नाही. राळेचा धूर खाण्याला कडू लागतो. तिथं नुसतं मेण, काथ्या आणि संत्र्याची वाळलेली साल. ही साल आबांनी स्वतः शोधली. कुठल्या पुस्तकात नव्हती.

तू एकदा शहाणपणा केला होतास, आठवतंय का? एकोणसाठच्या दिवाळीला आला होतास. भाऊसो कंडक्टर आणि त्याची मंडळी जेवायला यायची होती आणि आपण मागं शेतात कणसं भाजणार होतो. पेटवण लवकर पेटावं म्हणून तू ती गुपचूप रॉकेलमध्ये बुडवून ठेवलीस. जाळ पुरुषभर उंच गेला आणि सगळी कणसं रॉकेल खाऊन बसली. कुणी तोंड लावेना. आबांनी एक उचललं, अख्खं खाल्लं आणि म्हणाले, "ब्येस झालंय. फकस्त आता माझ्याजवळ बिडी वडू नगा." भाऊसो उठताबसता ती गोष्ट सांगतो. अजून सांगतो. आबांच्या शेवटाला येता आलं नव्हतं म्हणून परवा माफी मागायला आला आणि मध्येच तीच गोष्ट सांगून हसायला लागला, मग तोंड झाकून रडला.

तुझा राग कशावर आहे ते मला माहीत आहे. दीक्षा घेतल्यावर सत्तावन्न साली वस्तीतल्या एकवीस जणांनी गावाला लिहून दिलं की, यापुढं मेलेलं जनावर ओढणार नाही, सांगावे घेऊन पळणार नाही, सरणाचं लाकूड वाहणार नाही. कागद तू लिहिलास. पहिली सही आबांची होती. त्यानंतर गावाने सहा महिने आपल्याला विहिरीवर आणि दुकानात जे दाखवायचं ते दाखवलं. कुणीही मागं हटलं नाही. तू जे केलंस त्याचा मला अभिमान होता आणि आजही आहे. म्हणून आबांनी पुढच्या वर्षी पेटवण विकायला सुरुवात केली तेव्हा तू म्हणालास, टाकलेलीच मोळी पुन्हा उचलली, नुसतं नाव बदललं. आबा म्हणाले, "मोळी टाकली रं. हात न्हाई टाकलं." तू तेव्हा चिडलास, पण येत राहिलास.

मग एकसष्टचा जुलै. पुण्याला पूर आला ते दिवस. गावातल्या शाळेच्या भामाबाई गेल्या आणि पावसात त्यांचं सरण पेटेना, तेव्हा धोंडिरामने पेटवण देऊन पेटवून दिलं, असं सगळ्या गावात झालं. पुढच्या आठवड्यात तू आलास. वस्तीच्या तोंडावरच तुला कुणीतरी सांगितलं. तू उंबऱ्याच्या आत आला नाहीस. पिशवी हातातच होती. म्हणालास, "आबा, पहिली सही तुमची होती." आबांनी मान खाली घातली. तू तसाच फिरलास. त्या दिवशी मी भाकरी थापत होते. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. पाच वर्षं आबा गाडी आली की बाहेर बघायचे. मला सांगायचे की गाडी वेळेवर आहे का बघतो.

आता पाचगणीची बातमी. शाळेची पोती मी नदीवर संपवली. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून पंधरा दिवस बसून नवीन बांधली, आबांच्या जुन्यातली काही घातली आणि मागच्या आठवड्यात पोतं घेऊन घाट चढले. शाळेच्या मेसचा खानसामा दारातच आडवा आला. बातमी माझ्या आधी पोहोचली होती. म्हणाला, "बाई, मानूस जाळायची चीज आमच्या पोरींच्या बंबाला? कुणाला कळलं तर माझी नोकरी जाईल." मग आवाज खाली करून म्हणाला, "असं कर. पोत्यावर पुण्याचं कुठलंतरी नाव टाक. तुझ्या बापाचं न्हाई, तू बनवलं न्हाई. मी तोंड बंद ठेवतो." म्हणजे माल हाच चालेल, फक्त आपण चालणार नाही. त्याला ते वाईट वाटतच नव्हतं. तो माझ्यावर उपकार करत होता.

मी कधी मोठ्याने बोलत नाही हे तुला माहीत आहे. त्या दिवशी बोलले. म्हटलं, "होय, तेच आहे. ज्यानं माझ्या बापाला भर पावसात पेटवलं तेच. कोरड्या दिवशी काय, कुणीही पेटवतं." आवाज ऐकून मेट्रनबाई बाहेर आल्या, मेहेरबाई म्हणून पारशी बाई आहेत, फार कडक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चार दिवस बंब पेटला नव्हता, खानसाम्याने रॉकेलच्या चिंध्या कोंबल्या होत्या आणि पाण्याला वास मारत होता. त्या म्हणाल्या, "ए बाई, तू ते मढाला लाव नाय तर दिवालीला लाव, मला काय! माझ्या छोकरीओने गरम पानी पायजे. पेटव." मी पेटवलं. एकच लावलं. अर्ध्या तासात बंब उकळायला लागला. खानसामा म्हणाला, आता नाव तेवढं नको. मी त्याच्याच समोर कोळसा घेतला आणि पोत्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'धोंडिराम यांचं पेटवण'. मेहेरबाईंना मराठी वाचता येत नाही. त्यांनी मला वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. त्या म्हणाल्या, दर महिन्याला दोन पोती. दादा, मला हळद निवडायची लाज नाही. पण हे सोडून ती निवडली तर मी खानसाम्याचं ऐकलं असं होईल.

आता जे सांगायला बसले ते सांगते. एकसष्ट साली भामाबाईंच्या सरणाला आबांनी हात लावला नाही. ते त्या दिवशी पाचगणीला होते, घाट बंद झाला म्हणून रात्री तिथेच राहिले. नानासो आपल्या दारात आला होता, पाटलांचा पुतण्या. पूर्वी ती माणसं वस्तीच्या कडेला उभी राहून आरोळी द्यायची. तो पायरीशी आला, डोक्यावरचं घोंगडं काढलं आणि म्हणाला, "धोंडिरामदादा हायती का? बाईंचं सरण पेटंना. सांगाय आलो न्हाई, मागाय आलोय." मी त्याला तोंडावर नाही म्हणू शकले असते. पण भामाबाईंनी मला दुसरीत असताना दाराबाहेरून आत घेऊन पहिल्या रांगेत बसवलं होतं, आणि त्यासाठी गावाने त्यांचं दूध बंद केलं होतं. पुराने त्यांचं पुण्याचं कुणी येऊ शकलं नव्हतं. म्हणून मी पोतं उचललं आणि गेले. गावासाठी नाही, माझ्या बाईंसाठी. पावसाने बाकीची माणसं घरी परतली होती, सरणापाशी नानासो आणि मी दोघंच होतो. तिसरा थर, वाऱ्याच्या उलट बाजू, हे मी त्या दिवशी तीनदा चुकून शिकले. आबा परत आले तेव्हा गाव त्यांचंच नाव घेत होतं, कारण एक बाईमाणूस मसणात गेलं हे कुणाला पटलंच नसतं, आणि नानासोने तोंड उघडलं नाही. आबा मला म्हणाले, "ऱ्हाऊ दे माझ्यावर. तुला आजून नांदायचं हाय कुठंतरी. आकारामचा राग चार दिसाचा." तो चार दिवसांचा नव्हता, मी कुठं नांदले नाही, आणि मी पाच वर्षं गप्प बसले. गप्प बसले याची मला लाज आहे. गेले याची नाही. पुन्हा कुणी पायरीशी येऊन मागितलं तर पुन्हा जाईन, आणि कुणी कडेला उभं राहून आरोळी दिली तर दार लावून घेईन. तू लिहिलेल्या कागदाचा मला एवढाच अर्थ कळला. तुझा कळला तो वेगळा असेल तर माझ्याशी भांड, पण आबांशी भांडणं संपव. चौदा तारखेला, रविवारी, आबांचं पुण्यानुमोदन आहे. तू येशील म्हणून मी वस्तीला इतके दिवस थांबवलंय. रंगूवहिनीला घेऊन ये. भाऊसो आता सांगलीच्या गाडीवर आहे, त्याच्याबरोबर या पत्रासोबत एक पेटवण पाठवते. बोटाने गाठ चाचपून बघ, उलटी आहे. त्या गुरुवारी सकाळी त्यांनी बांधलेलं शेवटचं. एक रात्र पाण्याच्या बादलीत टाकून ठेव आणि सकाळी बंबाला लाव. न पेटलं तर येऊ नकोस.

तुझीच,
हरणा